पादचाऱ्याचा पोळा

दिवाळीच्या दिवसांत दुधात मिठाचा खडा टाकू नये, एवढे मला कळते. वाचकाने चकलीचा तुकडा मोडत अंक उघडावा आणि मास्तराने पुढ्यात भांडण मांडावे, हे काही शोभणारे नव्हे. परंतु विषय मिळाला ‘उद्याचे शहर’, आणि मी राहतो पुण्यात, तेही सदाशिव पेठेत. पहिल्यांदा मी गोड लिहायला बसलो. बागा, ग्रंथालये, नाट्यगृहे, नदीकाठचा गार वारा असे सगळे लिहिले आणि तिन्ही पाने फाडून टाकली. ती पाने वाचायला मी जिवंत राहीन की नाही, हाच प्रश्न मला रोज सकाळी पावणेसात वाजता शाळेच्या रस्त्यावर पडत असतो.

माझा अधिकार काय, हे आधीच सांगून टाकतो. मी मॅट्रिक झालो, पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि गेली वीस-बावीस वर्षे शाळेत पोरांना सफरचंद आणि तांब्या काढायला शिकवीत आहे. फावल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिल्या. नगररचनेच्या शास्त्राशी माझा काडीचा संबंध नाही. पण रोज घर ते शाळा आणि शाळा ते घर मी पायी जातो, आणि पायी जाणाऱ्याला शहर जितके दिसते तितके ते मोटारीच्या काचेतून दिसत नाही. माझा अधिकार तो एवढाच.

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला मी विषय दिला, ‘माझ्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता’. तासाभराने कागद गोळा केले. बहुतेक चित्रांत मोटारी होत्या, दुचाक्या होत्या, विजेचे खांब होते, जाहिरातींचे फलक होते, दोघातिघांनी तर उड्डाणपूलही काढले होते. माणसे फारच थोडी. एका मुलीचे चित्र वाहनांनी कडेपर्यंत भरले होते. मी विचारले, “अगं, यात तू कुठे आहेस?” ती म्हणाली, “मी फूटपाथवर आहे सर. पण फूटपाथ काढायला जागाच उरली नाही.”

चित्र म्हणून ते बेताचेच होते. पण आमच्या शहराबद्दल इतके खरे बोललेले मी अलीकडे कुणाकडून ऐकलेले नाही. मोठमोठे अहवाल लिहिणाऱ्यांनी जे शंभर पानांत सांगितले नसेल, ते त्या पोरीने एका वाक्यात सांगून टाकले. जागाच उरली नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे : ज्या शहरात दहा वर्षांचे मूल आणि सत्तर वर्षांची म्हातारी कुणाचा हात न धरता रस्त्याने जाऊ शकते, ते शहर राहण्याजोगे, आणि जे असे राहण्याजोगे आहे तेच पुढे टिकणारे. मेट्रो, पूल, उद्याने, रोषणाई या गोष्टी त्यानंतरच्या. पाया चुकला तर कळसाला सोन्याचा मुलामा देऊन काय उपयोग?

आता कुणी म्हणेल, पुण्यात पादचाऱ्याचा सन्मान होतच असतो. होतो ना! ११ डिसेंबर हा आमच्याकडे पादचारी दिन. २०२१ साली तो पहिल्यांदा साजरा झाला. लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा दिवसभर वाहनांना बंद केला, रांगोळ्या काढल्या, संगीत लावले, पोरे रस्त्यावर बसून खेळली. मीही गेलो होतो. फार बरे वाटले. आणि बरे वाटता वाटताच मला आमच्या गावचा पोळा आठवला.

माझे लहानपण खेड्यात गेले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळायचे आणि त्याच्या कानात सांगायचे, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवायची, पाठीवर झूल घालायची, पुरणपोळी भरवायची, वाजतगाजत वेशीपर्यंत मिरवायचे. आणि तिसऱ्या दिवशी? तिसऱ्या दिवशी तेच जू, तोच खांदा आणि तोच आसूड. आमचा पादचारी दिन हा पादचाऱ्याचा पोळा आहे. फरक इतकाच, की शेतकरी उरलेले वर्षभर निदान बैलाला वैरण घालतो. त्याला कळते की आपले पोट या मुक्या जनावरावर आहे. आमच्या शहराला मात्र आपण कुणाच्या पायांवर चालतो, याचा पत्ता नाही. भल्या पहाटे दूध आणि वर्तमानपत्र टाकणारा, चार घरची धुणीभांडी करणारी, बसथांब्याकडे धावणारा कारकून, शाळेतले पोर, दवाखान्यात निघालेली म्हातारी ही सगळी पायी चालणारी माणसे आहेत. बसने जाणाराही थांब्यापर्यंत पायीच जातो आणि मेट्रोने जाणाराही. फार काय, मोटारवालासुद्धा मोटारीतून उतरला की पादचारीच असतो, पण ते त्याच्या ध्यानात राहत नाही.

मग हे शहर कुणासाठी खर्च करते? डोळ्यांसमोरची उदाहरणे घ्या. विद्यापीठ चौकात वाहतूक सुटावी म्हणून २००६ च्या सुमारास उड्डाणपूल झाला. २०२० साली तोच पूल पाडण्यात आला, कारण तो मेट्रोच्या आणि नव्या, मोठ्या पुलाच्या आड येत होता. रामाचा वनवास संपावा एवढ्या अवधीत पूल बांधून झाला, वापरून झाला आणि पाडूनही झाला. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये सुमारे ६०० किलो स्फोटके लावून उडवला. लोकांनी तो सोहळा मध्यरात्री जागून पाहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे नव्या पुलांचे आणि वळणरस्त्यांचे भेंडोळे उभे राहिले. त्यानंतर ओरड झाली की पायी चालणाऱ्याने हा चौक ओलांडायचा कसा? कोट्यवधींचा खर्च, नामांकित अभियंते, वर्षानुवर्षांचे नकाशे, आणि साधे दोन पाय मात्र विसरले! हा विसर मला अपघात वाटत नाही. ज्याचे आपल्या हिशेबात नावच नसते, त्यालाच माणूस इतक्या सहज विसरतो.

बरे, रस्ते रुंद करून गर्दी तरी हटली का? आमच्या घरी एकदा पसारा फार झाला म्हणून मोठे कपाट आणले. चार महिन्यांत ते भरले आणि पसारा पुन्हा कॉटखाली आला. ज्या वाचकांच्या घरी मोठ्या कपाटाने पसारा कमी झाला असेल त्यांनी मला जरूर कळवावे. रस्त्याचेही तसेच आहे. रुंद रस्ता दिसला की बसने जाणारा दुचाकी घेतो, दुचाकीवाला मोटार घेतो, लांबचे घर परवडेल असे वाटून माणूस आणखी लांब जातो, आणि पाच वर्षांत त्या रुंद रस्त्यावर तीच कोंडी होते. २०१८ साली बातमी आली होती की शहरातल्या नोंदलेल्या वाहनांचा आकडा ३६ लाखांवर गेला आणि त्याने माणसांना मागे टाकले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो याहून निराळा काय असतो?

मी गणिताचा मास्तर नव्हे, पण साधा हिशेब मलाही येतो. एक मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. म्हणजे साडेबारा चौरस मीटर. माझ्या वर्गात तेवढ्या जागेत बारा मुले बाकांवर बसून चित्रे काढतात. बारा मुलांची जागा घेणारी ही मोटार दिवसाचे बहुतेक तास नुसती उभी असते, आणि सार्वजनिक रस्त्यावर फुकट उभी असते. २०१८ साली महापालिकेच्या सभेने रस्त्यावर वाहने लावण्यासाठी पैसे घेण्याचे धोरण मंजूर केले होते. त्याला विरोध झाला आणि ते कागदावरच राहिले. फूटपाथच्या कडेला पाटी मांडून पेरू विकणाऱ्या म्हातारीला आम्ही अतिक्रमण म्हणतो, आणि तिच्या दसपट जागा अडवणाऱ्या मोटारीला? तिला आम्ही वाहन म्हणतो! त्या म्हातारीला २०१४ च्या फेरीवाला कायद्याने निदान काही हक्क दिलेले आहेत. फुकट मोटार उभी करण्याचा हक्क कुठल्या कायद्याने दिला, ते कुणी दाखवावे.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. आमच्या शाळेतल्या सहावीच्या एका मुलाला फूटपाथवरून जाताना दुचाकीने उडवले. होय, फूटपाथवरून. पुढे सिग्नलला गर्दी होती म्हणून गृहस्थांनी गाडी वर चढवली होती. मुलाच्या मांडीचे हाड मोडले. तीन महिन्यांनी तो परत आला तेव्हा चित्रकलेच्या तासाला खिडकीजवळ बसायला नाही म्हणाला, कारण खिडकी रस्त्यावर उघडते. पूर्वी तो तीन मित्रांबरोबर खिदळत चालत यायचा. आता त्याचे वडील त्याला स्कूटरवरून आणतात. तेवढ्यासाठी त्यांनी कर्ज काढून दुसरी स्कूटर घेतली. त्याचे पाहून त्या तीन मित्रांच्या आईबापांनीही मुले गाडीवरून सोडायला सुरुवात केली. म्हणजे जिथून चार मुले पायी यायची, तिथून आता चार वाहने येतात. ती शाळेच्या दाराशी गर्दी करतात, आणि त्या गर्दीला भिऊन पाचव्या मुलाचे वडील गाडी काढतात. त्या बापांना मी काय दोष देऊ? मी त्यांच्या जागी असतो तर हेच केले असते. माझा राग त्यांच्यावर नाही. शहाण्या बापाला हाच एक मार्ग उरावा, असे ज्यांनी शहर केले त्यांच्यावर आहे.

दुसरी गोष्ट माझ्या घरची. माझी आई ७२ वर्षांची. रोज संध्याकाळी ओंकारेश्वराला पायी जायचा तिचा नेम होता. वाटेत दोन मैत्रिणी, भाजीवाली, वाण्याचे दुकान, एखादे भांडण, एखादी बातमी, असा तिचा दीड तास जायचा. एकदा फूटपाथवरून उतरताना ती पडली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे आपल्या सहा इंचांपेक्षा, जास्त नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट, मोकळी जागा असावी असे लिहिलेले आहे. आई पडली तिथे मी शाळेतली टेप नेऊन मोजले. उंची चौदा इंच. रुंदी म्हणाल तर विजेची पेटी, झाडाचे आळे आणि तिरपा खांब सोडून सव्वा फूट. त्या सव्वा फुटात माझी आई मावत नव्हती. आता ती गॅलरीत बसते. म्हणते, “मला इथेच बरं वाटतं रे.” तिला बरे वाटत नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. तिला कुणी कोंडून ठेवलेले नाही, दाराला कुलूप नाही, आणि तरीही ती घरात अडकली आहे.

हे सगळे बोललो की लोक मला ठरलेले एक उत्तर देतात. “मास्तर, युरोपात ते जमते. तिथली माणसे निराळी, हवा निराळी, शिस्त निराळी.” त्यांना मी हॉलंडची हकिकत सांगतो. सायकलींचा देश म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, तो देश दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारीच्याच मागे लागला होता. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यावरून एक चळवळच उभी राहिली. तिचे नाव ‘स्टॉप डे किंडरमूर्ड’, म्हणजे ‘मुलांची हत्या थांबवा’. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले, रस्ते अडवून बसले. पाठोपाठ १९७३ चे तेलाचे संकट आले, रविवारी मोटारी बंद राहिल्या, आणि लोकांना मोकळ्या रस्त्याची चव कळली. पुढची वीस-तीस वर्षे त्यांनी चिकाटीने रस्ते बदलले. आज तिथे वर्षाला रस्त्यावर मरणाऱ्यांचा आकडा सातशेच्या आसपास आहे. ती माणसे जन्मतः निराळी नव्हती. त्यांना राग आला आणि तो त्यांनी टिकवून धरला. त्याच काळात पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. ते आमच्या वाटेने निघाले आणि आम्ही त्यांनी सोडलेल्या वाटेला लागलो, यापरता दैवदुर्विलास कोणता?

आणि आमच्याकडे? २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. एखाद्या तालुक्याचे गाव एका वर्षात नाहीसे व्हावे, आणि त्याबद्दल कुणी शोकसभाही घेऊ नये, असे हे आहे.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा. वाहने बंद केली की धंदा बसेल म्हणतात. मला सांगा, ताशी चाळीस मैलांनी जाणारा गृहस्थ दुकानातली पैठणी पाहतो काय? गिऱ्हाईक होतो तो थांबणारा, आणि थांबतो तो चालणारा. तुळशीबागेच्या बोळांत मोटार शिरत नाही. म्हणून तिथे गिऱ्हाईक नाही, असे कुणी म्हणून दाखवावे!

तिसरा आक्षेप, मास्तर जुन्या पुण्याची गाणी गातात. मुळीच नाही. जुन्या पुण्यात १८९७ सालची प्लेगची साथही होती, अंधाऱ्या खोल्याही होत्या, आणि कित्येकांना कित्येक वाटांवरून चालण्याची मुभाही नव्हती. ते पुणे मला परत नको. मला नळही हवा, वीजही हवी, मेट्रोही हवी. मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा मी हौसेने तिकीट काढून बसलो. पण स्थानकातून उतरल्यावर समोरचा रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागला, तर त्या मेट्रोत बसायला माझी आई येणार कशी?

असेही नाही की आमच्या हातून चांगले होतच नाही. जंगली महाराज रस्त्यावर ऐसपैस फूटपाथ केले, बाके ठेवली, मुलांना खेळायला जागा केली. म्हातारी माणसे तिथे येऊन बसू लागली. डिसेंबर २००६ मध्ये स्वारगेट-कात्रज-हडपसर मार्गावर बसला स्वतंत्र मार्गिका दिली. तो देशातला पहिला प्रयोग होता. पण आमचा स्वभाव असा, की चांगले काम करायचे आणि मग त्याला वाऱ्यावर सोडायचे. फूटपाथ रुंद केला की त्यावर दुचाक्या उभ्या राहतात. बसच्या मार्गिकेत मोटारी घुसतात. आणि मग प्रयोग फसला म्हणून तो गुंडाळायला तेच लोक पुढे येतात. नगर रस्त्यावरची बसमार्गिका २०२३ साली अशीच उखडली गेली.

टिकाऊपणाचेही सांगतो, कारण हल्ली त्या शब्दाची फार चलती आहे. रस्ता रुंद करताना पहिला बळी जातो झाडाचा. गणेशखिंड रस्त्याच्या कडेची जुनी झाडे तशीच गेली. मोटारवाल्याला गारवा यंत्रातून मिळतो. पायी चालणाऱ्याची छत्री मात्र ते झाडच असते. माती गेली, तिथे काँक्रीट आले, तर पाणी मुरणार कुठे? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, घरात शिरला आणि माणसे घेऊन गेला. ओढ्याची जागा घ्यायची आणि वर ओढा घरात शिरला म्हणून ओरडायचे, आणि चालणाऱ्याची जागा घ्यायची व वर तो मध्येच येतो म्हणून ओरडायचे, ही एकाच खोडीची दोन रूपे आहेत. जो बोलत नाही त्याची जागा आपली, ही ती खोड. पण ओढा कधीतरी बोलतोच.

मग करायचे काय? माझ्या मागण्या मास्तराच्या कुवतीच्याच आहेत. प्रत्येक शाळेभोवतीचा रस्ता शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास वाहनांना बंद ठेवावा. घर, शाळा, दवाखाना आणि बसथांबा यांना जोडणारा सहा फुटांचा अखंड फूटपाथ आधी करावा, आणि तो पुरा होईपर्यंत नवा उड्डाणपूल बांधू नये. रस्त्यावर मोटार उभी करणाऱ्याने त्या जागेचे भाडे द्यावे आणि ते पैसे बससाठी वापरावेत. आणि पुलाचे उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांनी त्या दिवशी एका सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून तो चौक पायी ओलांडून दाखवावा. ही शेवटची मागणी मान्य झाली तर बाकीच्या आपोआप मान्य होतील, असा माझा विश्वास आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे की फूटपाथवरून निर्धास्त चालता येणे हा घटनेच्या २१व्या कलमातला, जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे मी भीक मागत नाही. माझ्या आईचे जे आहे ते परत मागतो आहे.

वाचकहो, तुमच्याकडेही माझे एक मागणे आहे. या दिवाळीत आकाशकंदील किंवा पणत्या आणायला एकदा तरी घरातल्या लहान मुलाला नाहीतर आजीला घेऊन पायी जा. फूटपाथ सोडून रस्त्यावर किती वेळा उतरावे लागले ते मोजा. मग तुमच्या प्रभागातले मते मागणारे दारात शुभेच्छापत्र घेऊन येतील, तेव्हा त्यांना तेवढा एक आकडा सांगा. जास्त काही बोलू नका. चहा मात्र द्या, दिवाळी आहे.

सुट्टी संपली की मी सातवीच्या नव्या वर्गाला पुन्हा तोच विषय देणार आहे, ‘माझ्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता’. कुणीतरी आधी फूटपाथ काढावा, त्यावर आपली आजी काढावी आणि मग उरलेल्या जागेत मोटारी काढाव्यात, याची मी वाट पाहतो आहे.